‘डॉग’ आला कुठून?

कुत्र्यांशी कोशकाकांचं काही वाकडं नव्हतं. कुत्रा समोरून आला की ते रस्त्याची दुसरी बाजू धरत आणि कुत्राही आपल्या वाटेनं जाई, असा दोन्ही पक्षांत वर्षानुवर्षांचा सलोखा होता. काकांचं वाकडं होतं ते तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांशी. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनीही त्यांचं काही वाईट केलेलं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. समोरच्यानं काहीतरी आगळीक केली असती म्हणजे निदान उजळ माथ्यानं रागावता तरी आलं असतं.

कोशकाका हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात इंग्रजी पत्रं तपासायचे. कंपनीतून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जाई, आणि बरीचशी पत्रं त्या पेन्सिलीखालीच राहत. एखाद्या विमेदाराचा दावा फेटाळायचा तर तो निदान शुद्ध इंग्रजीत फेटाळला जावा, असा त्यांचा कटाक्ष असे. ही विद्या ते संध्याकाळी घरी घेऊन येत. इमारतीत कुणालाही इंग्रजी शब्द अडला की तो लिफ्टमध्ये, जिन्यात, नाहीतर पाण्याच्या टाकीपाशी काकांना गाठायचा. काका नुसता अर्थ सांगून सोडत नसत. शब्द लॅटिनमध्ये जन्मला, फ्रेंचांच्या घरी वाढला, अमुक शतकात इंग्रजांच्या पदरात पडला, अशी त्याची सगळी कुंडली मांडत. ऐकणारा बिचारा औषधाच्या बाटलीवर जेवणाआधी लिहिलंय की जेवणानंतर, एवढंच विचारायला आलेला असे.

काकांची एक रीत होती. ‘माहीत नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. एखादा शब्द अडलाच तर ते चष्मा काढत, सावकाश पुसत आणि म्हणत, “हा विषय असा उभ्या उभ्या सांगण्यासारखा नाही. बसून बोलू.” मग घरी येऊन कपाटातला जाडजूड कोश काढत आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला गाठून सगळं घडाघडा सांगत, जणू बाराखडीबरोबरच शिकले होते. या रीतीनं त्यांना कधी दगा दिला नव्हता. जे कोशात नाही असं काही जगात असू शकतं, हे त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं.

आणि मग हे डॉक्टर राहायला आले.

माणसांचे डॉक्टर असते तर काकांनी समजूनही घेतलं असतं. माणसाला माणसाच्या डॉक्टरची गरज लागते, त्याच्या पुढेपुढे करावं लागतं. पण हे होते जनावरांचे डॉक्टर. इमारतीत जनावरं किती, तर एक कुत्रा, दोन मांजरं आणि शिंप्याचा पोपट. असं असून सगळी इमारत डॉक्टरांवर लट्टू झाली. माणूस आडदांड, आवाज मोठा, शर्टाला कायम कुणाचे तरी केस चिकटलेले. त्यांना काही विचारलं की ते मोकळेपणानं म्हणत, “मला नाही हो ठाऊक. बघूया का?” आणि लोक चक्क बघायला बसत. तळमजल्यावरचा शिंपी कापडाच्या गठ्ठ्यावरचा मजकूर वर्षानुवर्षं काकांकडून वाचून घ्यायचा, तोही एके दिवशी गठ्ठा खांद्यावर टाकून काकांच्या दारावरून तिसऱ्या मजल्याकडे जाताना दिसला. काकांनी दार जरा जोरात लावलं. शिंप्याला वाटलं, वारा सुटलाय.

“ज्याला येत नाही त्याच्याकडे जातात लोक,” काका काकूंना म्हणाले. “उद्या पोहता न येणाऱ्याला बुडताना हाक मारतील.”

“माणूस चांगला आहे,” काकू म्हणाल्या.

हे वाक्य काकांना आवडलं नाही. ते त्यांनी लक्षात ठेवलं.

शिंपी गेला, लिफ्ट दुरुस्त करणारा गेला, समितीचे अध्यक्ष गेले, इथवर काकांनी सगळं गिळलं. पण एका संध्याकाळी ते ऑफिसातून लवकर परतले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, काकू डॉक्टरांकडे आहेत. काका तिसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि काकू डोक्याला डोकं लावून बसले होते, मध्ये एक प्राण्यांचं चित्रांचं पुस्तक उघडं होतं आणि काकू हसत होत्या. तोंडावर पदर न घेता, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या.

त्याचं असं होतं की काका-काकूंची नात दूर परदेशात राहायची आणि इंग्रजीच बोलायची. दर आठवड्याला फोनवर ती आजीला आपल्या पुस्तकातला एकेक प्राणी दाखवी आणि त्याच्याबद्दल शंभर प्रश्न विचारी. काकूंनी तेच पुस्तक इथं मिळवलं होतं आणि नातीच्या पुढे एक पान राहायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. हे सगळं काकांना ठाऊक होतं. हा अभ्यास तिसऱ्या मजल्यावर चालतो, हे तेवढं ठाऊक नव्हतं.

काकांच्या पोटात कळ उठली. ती मत्सराची आहे हे त्यांना स्वच्छ कळलं, पण त्यांनी तिला पित्त असं नाव दिलं आणि घरी येऊन थंड दूध प्यायले.

“घरात चालताबोलता कोश असताना तू त्यांच्याकडे का जातेस?” त्यांनी रात्री जेवताना विचारलं.

“तुम्हाला कामं असतात,” काकू म्हणाल्या आणि आमटी वाढायला उठल्या. एवढंच. यावर नीट भांडताही येईना.

पुढच्या रविवारी इमारतीची मासिक सभा होती. टाकी, लिफ्ट आणि जिन्यातला दिवा यांवर दर महिन्याला होते तेवढी चर्चा झाली, कुठलाच निर्णय झाला नाही आणि सगळे समाधानानं चहाकडे वळले. तिथं कप हातात घेऊन काकू सहज डॉक्टरांना म्हणाल्या, “नात विचारत होती, कुत्र्याला डॉगच का म्हणतात? हा शब्द आला कुठून?”

“काकू, आयुष्यभर कुत्र्यांना सुया टोचल्या,” डॉक्टर म्हणाले, “पण हे कधी डोक्यातच आलं नाही. अजिबात ठाऊक नाही.”

सगळे कौतुकानं हसले. काकांना या हसण्याचाच संताप यायचा. माणूस अज्ञान कबूल करतो आणि लोक त्याला जावयासारखं डोक्यावर घेतात, हा कुठला न्याय?

“मी सांगतो,” काका म्हणाले.

हसणं थांबलं. काकूही वळल्या. बऱ्याच दिवसांनी सगळ्या माना काकांकडे वळल्या होत्या, आणि त्या भरात त्यांनी चष्मा काढला. “पण हा विषय असा उभ्या उभ्या सांगण्यासारखा नाही. बसून बोलू.”

एरवी हे इथंच संपलं असतं. पण अध्यक्ष होते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट तोंडी राहिली की त्यांना चैन पडत नसे. “मग पुढच्या रविवारी बसूच,” ते म्हणाले आणि त्यांनी खडू उचलून जिन्याजवळच्या फळ्यावर तिथल्या तिथं लिहून टाकलं, ‘रविवारी सायंकाळी सभागृहात. विषय: डॉग. वक्ते: आपले कोशकाका.’ खाली सही केली, शिक्का मारता येईना म्हणून जरा हळहळले.

काका शीळ घालत घरी आले. डॉग म्हणजे काय, तीन अक्षरांचा शब्द. लॅटिनमधून आला असेल, फार तर ग्रीकमधून. त्यांनी कोश काढला, पान उघडलं, आणि शीळ थांबली. अर्थ रकानेच्या रकाने दिले होते. कुत्रा, हलकट माणूस, माग काढणं, चुलीत लाकडं टेकवायचे लोखंडी घोडे, उन्हाळ्यातले कडक दिवस. आणि शेवटी, उगमाच्या जागी, दोनच शब्द होते: उगम अज्ञात.

काकांनी पान उलटून पाहिलं. मग कोशाकडे असं पाहिलं, जणू घरच्या माणसानंच भर पंक्तीत ओळख नाकारली होती. ‘आवृत्ती स्वस्तातली आहे,’ त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातला कोश पाहिला. तोही कानांवर हात ठेवून मोकळा झाला होता. साहेबांच्या केबिनमध्ये शोभेसाठी ठेवलेला चामडी बांधणीचा कोश त्यांनी साहेब जेवायला गेल्यावर उघडला. त्याची पानंच एकमेकांना चिकटलेली होती, ती सोडवता सोडवता साहेब परत आले. “डॉग पाहत होतो,” काका म्हणाले. साहेबांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बढतीची फाइल खणात ठेवून दिली.

उरलं शहराचं मोठं ग्रंथालय. तिथं कित्येक खंडांचा महाकोश होता. पण काकांचं सभासदत्व कधीच संपलेलं होतं, आणि नवं मिळवायला जुनं रद्द झाल्याचा दाखला हवा होता, आणि तो दाखला फक्त सभासदांना मिळत होता. काका खिडकीपाशी बराच वेळ वाद घालत उभे राहिले. अखेर आतल्या बाईंना दया आली आणि त्यांनी नुसतं बसून वाचायला सोडलं. “कुठला खंड हवाय?” त्यांनी विचारलं. काकांनी सांगितलं. “तो आत्ताच एकांनी घेतलाय. त्या टेबलावर बसलेत बघा.”

त्या टेबलावर डॉक्टर बसले होते.

“या, या काका,” डॉक्टर आनंदानं एवढ्या मोठ्यानं म्हणाले की चार वाचकांनी माना वर केल्या. “म्हटलं, रविवारी तुम्ही बोलणार तर आपली थोडी तयारी हवी. नाहीतर डोक्यावरून जायचं. पण गंमत बघा, हे एवढे मोठे विद्वान, तेही म्हणतात माहीत नाही. या शब्दापुढे हात टेकलेत बिचाऱ्यांनी.” त्यांनी काकांसाठी खुर्ची ओढली. “म्हणून तर तुमचं कौतुक वाटतं. यांना नाही सापडलं ते तुम्हाला ठाऊक आहे.”

काकांनी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर टोमण्याचा अंश कुठं दिसतो का ते बारकाईनं तपासलं. नव्हता. असता तर किती बरं झालं असतं. या माणसाचा खरोखरच आपल्यावर विश्वास आहे, हे पाहून तर काकांच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

“हे जुनं झालं,” ते म्हणाले. “यानंतर बरंच संशोधन झालंय.”

“वाटलंच मला,” डॉक्टर म्हणाले.

आता परतीचे सगळे दोर कापले गेले होते. आणि कापले ते काकांनी स्वतः, डॉक्टरांनी तर नुसती खुर्ची दिली होती.

इकडे इमारतीत फळ्यावरच्या त्या एका शब्दानं धुमाकूळ घातला. लेथवर काम करणारे मामा जिन्यात काकांना अडवून म्हणाले, “आमच्याकडे लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरवायला जो लोखंडी चाप आवळतात ना, त्याला डॉग म्हणतात. तेवढं सांगा भाषणात. आमचंही नाव निघेल.” शिंप्याचा सल्ला होता की सुरुवातीला एखादा विनोद टाकावा, लोक झोपत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी पोस्टमन असतानाची सगळी वर्षं कुत्र्यांपुढे पळण्यात काढली होती. सभा गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्तासाठी आहे, अशी त्यांची पक्की समजूत झाली आणि आजूबाजूच्या तीन इमारतींत त्यांनी ती पसरवली. “अखेर तुम्ही तरी हा प्रश्न धसाला लावलात,” त्यांनी काकांचा हात दाबला. काकांना नाही म्हणवेना. कौतुक करणारं माणूस हल्ली मिळत कुठं होतं?

सगळ्यात मोठा घोळ घातला तो पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी. इमारतीतला एकमेव कुत्रा त्यांचा. काहीही काम न करता तो सगळ्यांकडून मानानं खायचा, म्हणून सगळी इमारत त्याला जावईबापू म्हणायची. कुत्र्यावर भाषण आणि कुत्राच हजर नाही, हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असं वकीलबाईंचं म्हणणं पडलं. जावईबापू व्यासपीठावर बसतील, त्यानं विषयाला उठाव येईल. काकांनी होकार दिला, कारण वकीलबाईंना नकार द्यायला दोन तास लागत.

पण सभागृहात प्राणी आणायला मनाई होती. अध्यक्षांनी आधीच काकांकडून ‘भाषणाच्या ओघात कोणताही प्राणी आणला जाणार नाही’ असं लेखी घेतलं होतं. आता ते मागे घेतल्याचं लेखी लागलं. मग प्राण्याच्या वतीनं वर्तणुकीची हमी लागली. “प्राणी किती वेळ बोलणार?” असं अध्यक्षांनी विचारलं, ते सवयीनं. आणि शेवटी लागला लस टोचल्याचा दाखला, पशुवैद्याच्या सहीचा. काकांना पुन्हा तिसरा मजला चढावा लागला. डॉक्टरांनी सही दिली, चहा दिला, जावईबापूंचे कान तपासले आणि भाषणाला शुभेच्छाही दिल्या. ज्याच्या नाकावर टिच्चून भाषण द्यायचं त्याच्याच सहीवाचून ते अडावं, हा अपमान काकांनी बिस्किटाबरोबर गिळला. बिस्किट चांगलं होतं, याचाही त्यांना राग आला.

राहिला उगम. कोश देत नाहीत म्हटल्यावर काकांनी तो स्वतःच करायचं ठरवलं. बुधवारी त्यांनी एका थंड, डोंगराळ मुलखात ‘दोगा’ नावाची एक रानटी टोळी जन्माला घातली. गुरुवारी त्या टोळीला भलेमोठे कुत्रे पाळायला लावले. शुक्रवारी कुत्र्यांसकट टोळीला गलबतात बसवलं आणि शनिवारी इंग्रजांच्या किनाऱ्यावर सुखरूप उतरवलं. आरशासमोर बोलताना हे सगळं त्यांना इतकं पटत गेलं की टोळीच्या सरदाराचा मृत्यू सांगताना त्यांचा गळा दाटून आला. तशी ही थाप कुणाच्या पोटावर पाय देणारी नव्हती. शब्दाला एक बाप मिळत होता, काकांना त्यांची जागा परत मिळत होती आणि तिसऱ्या मजल्याला चपराक बसत होती.

रविवारी निघताना काकू पदराला पेन्सिल पुसत म्हणाल्या, “आजचं सगळं मी लिहून घेणार आहे. नातीला शाळेत वर्गापुढे उभं राहून सांगायचंय. तिनं बाईंना सांगूनही ठेवलंय, माझ्या आजोबांनी शोधलं म्हणून.”

काकांचा हात शर्टाच्या बटणावर थांबला. मग त्यांनी ते बटण चुकीच्या काजात घातलं आणि तसेच निघाले.

सभागृह खच्चून भरलं होतं. अर्धे लोक शब्दासाठी आले होते आणि अर्धे भटक्या कुत्र्यांसाठी. या दुसऱ्या अर्ध्यांतल्या काहींनी काठ्याही आणल्या होत्या. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल. त्यांच्या शेजारी डॉक्टरीणबाई, पलीकडे डॉक्टर. जावईबापूंना व्यासपीठावर सतरंजी घातली होती. त्यांनी एकदा सतरंजीचा वास घेतला, एकदा काकांच्या बुटांचा घेतला, मग शांतपणे खाली उतरून डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवून झोपी गेले. लोक हसले. काकांनी तेही पाहून ठेवलं.

“इंग्रजांच्या घरात,” काकांनी सुरुवात केली, “फार पूर्वी कुत्र्याला डॉग म्हणत नसत. हंड म्हणत. आजचा हाउंड तो हाच. जर्मन लोक अजूनही हुंडच म्हणतात. शतकानुशतकं हाच घरचा शब्द होता. दारात बसणारा हंड, मेंढरं राखणारा हंड, मालकाच्या मागं जाणारा हंड. कुणाची तक्रार नव्हती. सगळ्यांचं सगळं नीट चाललं होतं.”

इथं त्यांची नजर डॉक्टरांवर पडली आणि आवाज आपोआप चढला.

“आणि मग हा डॉग आला. आधी कुठंतरी कोपऱ्यात होता. जुन्या लिखाणात शोधायला गेलं तर एखाददुसरा उल्लेख सापडतो. आडदांड कुत्र्यांच्या एखाद्या जातीपुरता असावा, असं जाणकार म्हणतात. आडदांडच. आला, बसला, लोकांशी गोड बोलला.”

“शब्द गोड बोलला?” वकीलबाईंनी हरकत घेतली.

“बोलला असणार. त्याशिवाय लोक असे भाळतात होय? बघता बघता एकेक घर फुटलं. जो तो डॉग, डॉग करायला लागला. सोळावं शतक उजाडेपर्यंत सगळं अंगण त्याचं झालं. आणि हाउंडच्या वाट्याला काय राहिलं? शिकार. वर्षातून चार दिवस कुणा सरदाराला ससा मारायचा असेल तर हाउंडची आठवण. एरवी घरात त्याला कुणी हाक मारीना. ज्यानं इतकी वर्षं इमानानं दार राखलं, त्याचं काय चुकलं होतं? त्याला कुणी एका शब्दानं विचारलं का?”

काकांचा आवाज कापला. पोस्टमास्तरांनी मांडीवरची काठी खाली ठेवली आणि डोळे टिपले. काकूंची पेन्सिल थांबली होती. त्या काकांकडे टक लावून पाहत होत्या, आणि हाउंडबद्दल ऐकताना बायका सहसा पाहत नाहीत तसं पाहत होत्या.

“पण हा डॉग मुळात कुठला? आला कुठून?” डॉक्टरांनी न राहवून विचारलं. ते खुर्चीच्या कडेवर येऊन, तोंड किंचित उघडं टाकून बसले होते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

काकांनी दीर्घ श्वास घेतला. दोगा टोळी गलबतात तयार होती. शीड उभारलेलं होतं, सरदार गलबताच्या टोकावर उभा होता, नुसतं उतरायचंच बाकी होतं. काकूंनी पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली. आणि काकांना एक अनोळखी वर्ग दिसला, बाकांवर बसलेली मुलं दिसली आणि त्यांच्यापुढे दोन वेण्या घातलेली त्यांची नात दिसली. ती मोठ्यानं, छाती काढून, शनिवारी किनाऱ्याला लागलेल्या टोळीची गोष्ट सांगत होती.

“माहीत नाही,” काका म्हणाले.

“मागं ऐकू आलं नाही,” अध्यक्षांनी माइक पुढे सरकवला. “पुन्हा सांगा.”

“माहीत नाही.” माइक किंचाळला.

“इतिवृत्तात काय लिहू?” अध्यक्षांनी पेन उघडलं.

“वक्त्यांना माहीत नाही, असं लिहा.” काकांनी चष्मा काढला. तो पुसायचा नव्हता, डोळ्यांपुढची माणसं धूसर व्हायला हवी होती. “कुणालाच माहीत नाही. मोठमोठ्या कोशांनी हात टेकलेत. मी टेकायला थोडा उशीर केला, एवढंच.”

मग मागून लेथवाले मामा म्हणाले, “म्हणजे एवढा साधा शब्द, आणि त्याचा बापच ठाऊक नाही?”

“नाही. आणि हा एकटाच नाही. पिगचीही तीच गत. तोही कुठून आला, कुणी खात्रीनं सांगत नाही.”

“डुकराचंही माहीत नाही?” डॉक्टर अगदी हरखून म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. त्यांच्यामागून सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. लोक खुर्च्या सरकवून पुढे आले, हात वर करू लागले, घोड्याचं काय, बेडकाचं काय म्हणून विचारू लागले. टाळ्या काकांसाठी होत्या, पण पहिली डॉक्टरांनी वाजवली होती, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. जावईबापू दचकून उठले, त्यांनी सभेला उद्देशून एकदा भुंकून घेतलं आणि दुसऱ्या पायावर डोकं ठेवून पुन्हा झोपले. शेवटी पोस्टमास्तरांनी उभं राहून भटक्या कुत्र्यांचा ठराव मांडला, पण तोवर त्यांचं स्वतःचंच मन इतकं मऊ झालं होतं की कुत्र्यांना पाण्याची भांडी ठेवावीत असा ठराव मंजूर होऊन सभा संपली.

काका काकूंच्या मागून जिना चढत होते. चारचौघांत, तेही माइकवरून, आपली अब्रू गेली असं त्यांना वाटत होतं, आणि ती गेल्यावर अंगाला इतकं हलकं का वाटतंय, हे कळत नव्हतं.

“डॉक्टर छान बोलले, नाही?” त्यांनी कडवटपणे विचारलं.

“ते कुठं बोलले? बोललात तुम्ही,” काकू म्हणाल्या. मग एक पायरी चढून थांबल्या. “डॉक्टरांना काही येत नाही हो. मलाही येत नाही. मग आम्ही तिघं मिळून पानं उलटतो, भलतंच काहीतरी काढतो आणि हसतो. तुम्हाला विचारलं की तुम्ही सांगून टाकता. मग मी काय करायचं? उठून आमटी वाढायची?”

काकांना यावर पुष्कळ काही सुचलं. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

जेवणं झाली. भांडी आवरून काकू दिव्याखाली टेबलाशी येऊन बसल्या आणि त्यांनी पुस्तकाचं पुढचं पान उघडलं. पानावर झाडीतून डोकावणारं हरीण होतं. बराच वेळ त्या ते पाहत राहिल्या. एकदा त्यांची नजर दाराकडे, तिसऱ्या मजल्याच्या दिशेनं गेल्याचं काकांनी वर्तमानपत्राआडून टिपलं.

“अहो,” काकू म्हणाल्या, “हे डिअर कुठून आलं असेल?”

आता काय सांगावं. डिअर हा काकांचा हुकमी शब्द. पूर्वी इंग्रजीत डिअर म्हणजे नुसतं हरीण नव्हे, कुठलंही जनावर. कोल्हाही डिअर, मुंगीही डिअर. मग बाहेरून दुसरे शब्द आले आणि या बिचाऱ्याला आक्रसत आक्रसत हरणापुरतं राहावं लागलं. जर्मन भावंडासकट, शतकांसकट सगळी माहिती त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली. काकांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आयुष्यात एवढा मोठा घास त्यांनी कधी गिळला नव्हता, घशातून उतरताना तो त्यांना टोचत गेला.

“मला नाही ठाऊक,” काका म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. “बघूया का?”

काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात नवरा कधी खोटं बोलतो हे त्यांना न कळणं शक्यच नव्हतं. पुस्तक त्यांनी टेबलाच्या मधोमध सरकवलं आणि शेजारची खुर्ची पायानं बाहेर ढकलली.